कुलपाचं गाणं

सोयाबीन पिवळं पडलं, पानं गळाली आणि नुसत्या शेंगा वाळक्या काड्यांवर खुळखुळायला लागल्या की मी अस्वस्थ होते. लोकांना या दिवसांत परतीच्या पावसाची धास्ती असते, पीक कापायला, सोंगणीला बाया मिळतील की नाही याची असते. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. मी मेहकरात शाळेत मराठी शिकवते, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते, आणि तरीही दर वर्षी या दिवसांत मला नीट झोप लागत नाही. आठ वर्षं झाली याला.

यंदा त्यात भर पडली. शाळेतून आले, चप्पल काढत होते, तर फोन. अश्विनी नावाची कोणी मुलगी. आवाजात नुसता उत्साह.

"मॅडम, आमचं नवीन संगीत नाटक तयार होऊन राह्यलं. अजून कच्चंच हाये. शनिवारी डोणगावले दाखवून राह्यलो. तुम्ही या ना! अन् सकाळचा कानोसा तुम्हीच घ्या. गजूभाऊ म्हणे, तुमच्यासारखा कान कोणालेच नाही."

कान! मी तशीच उंबऱ्यावर बसले. बाई गं, म्हटलं, त्या कानाचं कौतुक तू तरी नको करूस. पण तोंडाने म्हणाले, "येते." का म्हणाले, देव जाणे.

हा कानोसा काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण आमच्या या मंडळींशिवाय तो कुठे असेल असं मला वाटत नाही. गजूभाऊ आमचे दिग्दर्शक. धंदा मंडप-डेकोरेशनचा, जीव नाटकात. त्यांचं म्हणणं असं की थिएटरात बसलेला प्रेक्षक सभ्य असतो, त्याला आवडलं नाही तरी तो टाळ्या वाजवतो. खरं काय ते गाव सांगतं. म्हणून नवीन संगीत नाटक बसवलं की पहिला रंगीत प्रयोग होण्याआधी ते अर्धं-कच्चं असतानाच आम्ही गावोगाव दाखवायचो. संध्याकाळी पाचला, उजेड असेतोवर, शाळेच्या पटांगणात. ना पडदा ना रंग. उजेडातच का, तर गजूभाऊंना लोकांचे चेहरे दिसायला हवेत. आणि मोबाईल बंद. कच्चं पोर कोणी नजरेला दाखवतं का, असं ते म्हणायचे आणि दारात उभं राहून एकेकाचा फोन खिशात घालायला लावायचे.

त्या प्रयोगात कोणीही मध्येच उठून थांबवू शकायचा. लोणारला एक म्हातारेबुवा असेच उठले होते. नाटक एका गावाचं होतं, धरणात बुडणाऱ्या गावाचं. शेवटच्या दिवशी बाया गळ्यात गळे घालून रडताहेत असा आमचा प्रसंग. म्हातारा काठी आपटून म्हणाला, "थांबा बे! गाव सुटते तवा बाया रडत नाहीत. भांडे मोजतात. एखांदा पेला राह्यला तं?" सगळं पटांगण हसलं. गजूभाऊ हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे रडणं काढलं आणि भांडी मोजायला लावली. त्या प्रसंगाला पुढे बाया तोंडात पदर धरून बसायच्या.

आणि गाण्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही गावातच मुक्काम करायचो. उजाडलं की आमच्यातलं एक माणूस एकटंच गावातून फिरून यायचं. नळावर, पिठाच्या गिरणीवर, सोंगणीला निघालेल्या बायांच्या मागे मागे. काल ऐकलेल्यातलं कोणाच्या ओठावर काय आलंय ते ऐकायचं. त्याला आम्ही कानोसा म्हणायचो. जे गाणं सकाळी ऐकू आलं ते नाटकात राहणार. जे आलं नाही ते कटाप. त्यावर वाद नाही. गजूभाऊंचं स्वतःचं एक गाणं असंच गेलं होतं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते, पण गाणं परत घेतलं नाही.

आठ वर्षांपूर्वी, त्या बुडत्या गावाच्या नाटकाच्या साली, कानोशाचं काम माझ्याकडे होतं. आणि नायिकाही मीच.

तालीम एका कृषी केंद्राच्या गोदामाच्या वर चालायची. खाली खताची पोती, वर आम्ही. पहिलाच आलाप घेतला की शिंक यायची. एका कोपऱ्यात वामनकाका पेटी घेऊन बसलेले असायचे. उभी हयात एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली, मेहकर-लोणार मार्गावर. वस्तीतल्या भजनात पेटी वाजवणारा माणूस. नोटेशन वगैरे भानगड नाही. चाल डोक्यात, शब्दही डोक्यात. पेटीचा भाता फाटला तेव्हा त्यांनी त्याला एसटीच्या सीटचं जुनं रेग्झीन लावलं होतं, हिरवं. मला ते "मास्तरीन बाई" म्हणायचे. मी चुकले की पेटी थांबवून नुसतं चष्म्यावरून बघायचे. त्या बघण्याने मला इतकी लाज वाटायची की काय सांगू.

नाटकातली सात गाणी त्यांचीच. सहा गाणी एका महिन्यात झाली. सातवं ते देईचनात. शेवटी एक दिवस तालीम सुटल्यावर स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पिताना म्हणाले, "मास्तरीन बाई, एक हाये. पण ते म्हणताना मले तरास होते. तुम्ही म्हणा." आणि टपरीच्या बाकावर बोटांनी ठेका धरून हळू आवाजात त्यांनी ते म्हटलं.

*दाराला लावते कुलूप गं बाई,*
*पाण्याला किल्ली देऊ कशी?*

बुडणाऱ्या गावातली बाई घर सोडताना दाराला कुलूप लावते. आता पाणी येणार, भिंती जाणार, दार जाणार, तरी कुलूप लावते. काकांचं स्वतःचं गाव असंच गेलं होतं. "माझ्या मायनं लावलं होतं कुलूप," ते म्हणाले. "किल्ली कमरेले होती मरेपर्यंत. आम्ही हसत होतो तिले." मग त्यांनी चहा संपवला आणि पैसे द्यायलाही विसरून निघून गेले, मीच दिले.

*चुलीला दिलं पोतेरं शेवटचं,*
*राखेनं ओटी मी भरली कशी?*

हे पहिलं कडवं. दुसरं होतं. दुसऱ्यातच खरी जान होती. तिथे चाल एकदम वर जायची, माझ्या आवाजाच्या पट्टीबाहेर, आणि वर जाऊन तिथेच थांबायची. तालमीत दहा वेळा म्हटलं तर आठ वेळा माझा आवाज फाटायचा. बाकीच्या पोरी खाली मान घालून हसायच्या. काका पट्टी खाली घ्यायला तयार नव्हते. "खालून म्हणलं तं ते नुसतं गाणं होते, बाई," म्हणायचे. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडत असे. चाळिशी ओलांडलेली बाई, रडते कशासाठी, तर एका सुरासाठी! आज त्या कडव्याची आठवण काढायला गेले की मला त्याचे शब्द आठवत नाहीत. तिथली भीती आठवते. तो सूर जवळ आला की पोट आत जायचं, ते आठवतं. शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं.

डोणगावचा प्रयोग चांगला गेला. सोंगणी जोरात होती, बाया थेट शेतातून आलेल्या, पदराला सोयाबीनचा भुसा, काहींच्या हातात विळे तसेच. कुलपाचं गाणं आलं. आणि नवल म्हणजे त्या दिवशी आवाज फाटला नाही. सूर लागला. गाणं संपलं तेव्हा पटांगणात कोणी हललं नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, काही नाही. मला वाटलं, पडलं. गाणं पडलं. आत कुठेतरी हायसं वाटलं, हे मी आज लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानोसा घ्यायला निघाले. छान धुकं होतं. गिरणीवर एक पोरगी आमचं लग्नाचं गाणं म्हणत होती. सोंगणीला निघालेल्या ट्रॅक्टरवर बायांचा घोळका भांडी मोजायचं गाणं म्हणत गेला, चुकीच्या शब्दांनी, पण ठसक्यात. मग मी नळावर आले. तिथे एक बाई घागर लावून वाकली होती. चाळिशीची असेल. पाण्याच्या धारेकडे बघत ती अगदी हळू म्हणत होती.

*पाण्याला किल्ली देऊ कशी...*

आणि पुढे दुसरं कडवं. वर जाणारं. तिचा आवाज सहज गेला वर. मी भिंतीशी थांबले. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "चूप! खळ्यात माल येऊन राह्यला अन् तू हे काय तोंडात घेतलं?" बाई गप्प झाली. घागर उचलताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच हसले आणि निघून आले.

मी त्याच मातीतली आहे. घरात पीक येत असताना शोकाचं गाणं तोंडात घ्यायचं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलेलं. म्हणजे त्या गाण्याला सगळं गाव गप्प का होतं, हे मला त्या नळापाशी, त्याच क्षणी कळायला हवं होतं. कळलंही होतं. कानोशाच्या नियमातच खोट होती. ओठावर येणारी गाणी आम्ही मोजत होतो, आणि हे गाणं ओठावर येऊ द्यायचं नाही म्हणून लोक दात आवळून बसले होते. हे मी गजूभाऊंना जाऊन सांगायचं होतं. एवढंच माझं काम होतं.

शाळेच्या व्हरांड्यात सगळे पोहे खात बसले होते. गजूभाऊंनी वही काढली. एकेक गाणं विचारलं. लग्नाचं? आलं. भांड्यांचं? आलं. कुलपाचं?

"नाही," मी म्हणाले.

काकांनी बशी खाली ठेवली. "खरंच, बाई? एका बी बाईच्या तोंडी नाही?"

"नाही काका. कोणाच्याच नाही."

किती सोपं होतं ते म्हणणं! तोंडात पोहे होते, गिळले आणि म्हणाले. वर जाणारा तो सूर आता मला आयुष्यात पुन्हा लावायचा नव्हता, बस्स. गजूभाऊंनी रेघ मारली. काका म्हणाले, "बरं." पोहेही पुरे खाल्ले. मेहकरला परत येताना जीपमध्ये ते माझ्या शेजारीच होते. मला खिडकीची जागा दिली.

संहितेतलं ते पान काढलं आणि त्या जागी नवीन गाण्याचं पान पिन मारून लावलं. माझ्या आवाजाला बसणारं, ठेक्याचं. पहिल्या रंगीत प्रयोगाला त्यावर वन्समोअर आला. पण त्याआधी, जिथे कुलपाचं गाणं होतं तिथे, काकांची पेटी थांबली. जेमतेम चार मात्रा. लोकांना वाटलं भाता अडकला. मी विंगेतून आत येत होते, मला कळलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो प्रयोग माझ्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी प्रयोग, आणि घरी येऊन मला उलट्या झाल्या.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं! रोज भेटणारा माणूस. हो, रोज भेटायचे. स्टँडवर, दवाखान्यात, बाजारात मेथीच्या जुडीपाशी. "काय म्हणता, मास्तरीन बाई?" "बरं आहे, काका." अशी चार वर्षं गेली. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. मग त्यांना अर्धांगवायू झाला आणि बोलणं गेलं.

मी भेटायला गेले. त्यांच्या सूनबाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं. "काका, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. डोणगावला, नळावर. एक बाई म्हणत होती. पुरं म्हणत होती. मी खोटं बोलले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात चादरीवर होता, त्याची बोटं हलली. डोळ्यांतून पाणी आलं. अर्धांगवायूचे पेशंट कशानेही रडतात, दाराची कडी वाजली तरी रडतात, असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलेलं. म्हणजे ते रागावले, की त्यांनी मला माफ केलं, की त्यांना नुसतं रडू आलं, काहीच कळायला मार्ग नाही. मी विचारलं, "काका, दुसरं कडवं काय होतं?" ओठ हलले. आवाज आला, शब्द आला नाही. सूनबाई चहा घेऊन आल्या आणि मी तो गरम चहा एका दमात प्यायले.

दोन वर्षांमागे ते गेले. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली होती. बुद्धवंदना झाली, लोक दोन-दोन शब्द बोलले. मग कोणीतरी म्हणालं, काकांचं एखादं गाणं होऊ द्या, बाई. आणि सगळे माझ्याकडे वळले. त्या वेळी म्हणण्यासारखं गाणं एकच होतं. मी उभी राहिले. दाराला लावते कुलूप गं बाई. पहिलं कडवं म्हटलं. मग दुसरं यायला हवं होतं. नाही आलं. समोर त्यांचा फोटो, हार घातलेला, चष्म्यावरून बघणारा. मी पुन्हा मुखडा म्हटला. पुन्हा पहिलं कडवं. पुन्हा मुखडा. चार वेळा. लोकांना वाटलं, गाणंच तेवढं आहे. बाया डोळे पुसत होत्या. सूनबाईंनी येऊन माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, लय चांगलं म्हणलं." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्यानंतर मी काय काय केलं! जुन्या संहितांच्या झेरॉक्स शोधल्या. गजूभाऊंच्या मंडपाच्या गोदामात अर्धा दिवस उंदरांच्या लेंड्यांत बसले. बरोबरच्या पोरींना फोन केले. एक नाशिकला, एक सुरतेला. "आठवत नाही गं ताई, ते कटाप झालं होतं ना?" हाव, झालं होतं. मीच केलं होतं.

तर यंदा डोणगावला गेले. अश्विनीचं नाटक कच्चं होतं, पण खरं होतं. पोरी बेधडक गात होत्या, कोणाची कोणाला लाज नाही. ते पाहताना माझ्या मनात सारखं येत होतं की नका गं दाखवू, नका दाखवू इतकं उघडं. ज्याच्यावर विश्वास टाकाल तोच काटा काढतो. पण हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सकाळी कानोशाला निघाले आणि पाय आपोआप नळाकडे गेले. नळ आता घरोघर आलेत, तिथे कोणी नव्हतं. विचारत विचारत नळावरच्या त्या बाईचं घर सापडलं. कमलाबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होत्या. आता केस पिकलेले. मला बघून लगेच म्हणाल्या, "कुलूपवाल्या बाई ना तुमी? मी नळावर म्हणत होती तं तुमी हसल्या होत्या. सासूनं मले झापलं होतं."

आठ वर्षं जे मी आणि काका सोडून दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही असं मी समजत होते, ते त्या बाईने हसत हसत सांगितलं. मी तिथेच ओट्यावर बसले.

"ते गाणं येतं अजून?"

"हाव, येते ना. पुरं येते. सासू गेली तवा म्हणलं मी. जिनं झापलं तिच्यासाठीच म्हणलं, पाहा. मंग गावात कोणाकडे मयत झाली की मलेच बलावतात. बाया म्हणतात, कमले, ते कुलपाचं म्हण."

म्हणजे गाणं जिवंत होतं. आम्ही रेघ मारून टाकलेलं गाणं इथे पाच-सहा कोसांवर दारोदार फिरत होतं, आणि काका जाईपर्यंत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "कमलाबाई, पाया पडते. दुसरं कडवं एकदा म्हणून दाखवा. हळू म्हणा. नुसते शब्द सांगा."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. आत घरात बघितलं. आत सुनेला आठवा महिना होता, ती भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. कमलाबाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "नाही म्हणत, बाई. काऊन म्हणू? घरात सारे जिते हायेत."

"नुसते शब्द..."

"शब्द बी नाही. तुमी समजदार हा. वेळ आली की म्हणीन. तवा तुमाले फोन करीन, या तुमी."

मी नंबर दिला, त्यांचाही माझ्या फोनमध्ये घेतला. त्यांनी माझा नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. बसमध्ये बसल्यावर मला उमगलं, मी काय करून आले ते. एका भरल्या घरात मरणाच्या निरोपासाठी माझा नंबर देऊन आले होते.

त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. वर्गात फळ्यावर लिहिताना, भाजी चिरताना. रोज सकाळी मनाला बजावते की बाई, त्या घरात सगळे शंभर वर्षं जगोत. आणि तेच मन पुढच्या मिनिटाला हिशेब करतं, त्यांच्या आळीत म्हातारं कोण कोण आहे. माझ्या तोंडात शेण पडो, पण करतं.

काल दुपारी फोन आला. कमलाबाईंचं नाव दिसलं. आणि खरं सांगते, आज तरी खरं सांगते, माझ्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते दुःख नव्हतं. आनंद होता.

"बाई, नात झाली! बाळ-बाळंतीण दोघी बी चांगल्या हायेत. बारशाले या बरं, गाणं म्हणा लागते तुमाले."

मी अभिनंदन म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "बाकी गावात सगळे कसे आहेत?"

"सारे मजेत हायेत, बाई," त्या म्हणाल्या. "सारेच."

फोन ठेवला आणि मी ओट्याच्या कडेला धरून खाली बसले आणि रडले. ते रडणं कसलं होतं, सुटकेचं की निराशेचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.